दिंडीची गाडी : टायर, शॉकअप आणि मामा

आपल्या जिल्ह्यात अपघाताची बातमी आली की टपरीवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टायर फुटला असंन." १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, तेव्हाही आधी हेच कानावर आलं. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. धावत्या गाडीचा टायर फुटला की रस्त्यावर रबराचे तुकडे पडतात, रिम घासल्याच्या खुणा उमटतात. त्या तिथे नव्हत्या.

म्हणून टायर बिचारा निर्दोष, असं मात्र समजू नका. टायर फुटतात. पण फुटण्याच्या कितीतरी आधीपासून ते सांगत असतात, आणि आपण ऐकत नाही. ते कसं ऐकायचं हे मी मे २०२५ मध्ये मामांच्या गावच्या दिंडीच्या गाडीवर शिकले. व्हायब्रेशनच्या पेपरला जे डोक्यावरून गेलं होतं तेही त्याच पंधरा दिवसांत समजलं, म्हणून हा लेखप्रपंच!

इंग्रजी पिक्चरमध्ये मोटरहोम दिसते ना, आत पलंग, ओटा, बेसिन असलेली, तसलीच आमची दिंडीची गाडी. आपल्या राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण वारकऱ्यांना त्याची वाट बघायची गरज पडली नाही. खामगाव तालुक्यातल्या मामांच्या गावाने एका शाळेची २००६ ची टाटा ४०७ मिनीबस विकत घेतली, मागच्या सीट काढून फळ्या टाकल्या, दोन शेगड्या, भांड्यांचा रॅक, आणि अगदी मागे ५०० लिटरची पाण्याची टाकी. चालणारे चालतात. गाडी पुढच्या मुक्कामी जाऊन स्वयंपाकाला लागते, पायाला फोड आलेल्यांना आणि म्हाताऱ्यांना घेते. पंढरपूरहून परत येताना मात्र चारशेच्या वर किलोमीटरचा प्रवास, भरलेली गाडी, आणि सगळ्यांना घरी पोहोचायची घाई.

उरलेले दहा महिने ती मारुतीच्या देवळामागे पत्र्याखाली उभी! जुन्या मोटरहोमचं जगभर हेच दुखणं आहे. ती चालते कमी आणि उभी राहते जास्त.

मी सुट्टीत गेले तेव्हा मामा म्हणाले, "तू मेकॅनिकलले हाये ना वं? मग पाय जरा गाडीकडे. बोथा घाटात लय उड्या मारते." गाडी फिटनेससाठी बुलडाण्याला नेली होती. येताना बोथ्याच्या वळणांवर ब्रेक मारला की मागचं धूड थयथयाट करायचं. मामांनी त्याच्यावर उपायही ठरवून ठेवला होता : "स्टेपनी कोरी हाये, ते मागं टाकून देऊ. बाकीच्यायची नक्षी तं नव्यासारखी हाये."

नक्षी म्हणजे ट्रेड. कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता, पण ट्रेडपेक्षा कितीतरी छान आहे. आणि मामांचं म्हणणं खरं होतं. नक्षी खोल होती.

आता टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या मागच्या टायरवर होतं १४१२, म्हणजे २०१२ चा चौदावा आठवडा. तेरा वर्षांचा टायर! आणि ती कोरी करकरीत स्टेपनी? २२०६. गाडीसोबत आलेली. एकोणीस वर्षांची, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान.

रबर न वापरता म्हातारं कसं होतं, हा प्रश्न मामांनी विचारलाच. रबराच्या लांब साखळ्यांना गंधकाचे पूल घालून बांधलेलं असतं, ते व्हल्कनायझेशन, चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेलं. ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन या साखळ्यांवर सतत काम करत असतात. काही तुटतात, काही नको तिथे जोडल्या जातात. रबर कडक होतं, मग तडकतं. त्याला अडवायला कंपन्या रबरात मेणासारखे पदार्थ घालतात. गंमत अशी की टायर चालताना सारखा दबतो-सुटतो, त्यामुळे ते मेण पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीच्या टायरला हा व्यायामच नाही, म्हणून तो चालत्या टायरपेक्षा लवकर तडकू शकतो. त्यात आपल्याकडचा मे महिना! शेगाव-खामगावच्या पत्र्याखाली काय तापतं ते मी लिहायला नको.

पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढावा, असं टायर कंपन्याच सांगतात. काही गाडीवाल्या कंपन्या तर सहा वर्षंच म्हणतात. आपल्या उन्हात आणि भरलेल्या गाडीला मी सहा-सातच्या पुढे जाणार नाही.

मामांना हे पटलं नाही. दिंडीच्या वर्गणीत ६२ हजार होते, त्यातून नवा तंबू घ्यायचा होता, आणि सात टायरांचा खर्च लाखाच्या घरात जात होता. "नक्षीवाले टायर फेकून देले तं गावात काय सांगू?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पैसे लोकांचे होते.

म्हणून मी आधी बिनखर्चाचं काम सुचवलं. वारीला निघताना असते तशी गाडी भरली, सामान, टाकी, गावातले बाराजण, आणि खामगावला वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी. पुढे १७२० किलो, एकूण ५६१०. म्हणजे मागच्या एक्सलवर ३८९०. आरसीवर एकूण वजनाची मर्यादा होती ५३००. तीनशे दहा किलो जास्त!

दोषी सापडायला वेळ लागला नाही. भरलेली टाकी ५०० किलोची, आणि ती मागच्या एक्सलच्याही मागे साधारण एक मीटरवर. दोन एक्सलमधलं अंतर सुमारे तीन मीटर. अकरावीचा मोमेंटचा हिशेब करा. मागच्या एक्सलवर ५०० नाही, ५०० गुणिले ४ भागिले ३, म्हणजे ६६७ किलो येतात, आणि पुढचा एक्सल १६७ किलोने हलका होतो. स्टिअरिंग पुढच्या चाकांत असतं, म्हणजे आपण पाणी भरून स्टिअरिंगची पकड कमी करत होतो! प्रवासात टाकीत १०० लिटरच ठेवायचं आणि मुक्कामी भरायचं असं ठरलं. एकूण ५२१०, मागे ३३५७, पुढे १८५३. खर्च शून्य. मामा पहिल्यांदा खूश झाले.

मग गॅरेज. मिस्त्रीकाकांनी आधी सगळ्या चाकांची हवा मोजली. ४०७ ला मागे जोडचाकं असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन. पाच टायरमध्ये ७० ते ७८ पीएसआय. मागे डाव्या बाजूच्या आतल्या टायरमध्ये ३१. बाहेरून काही कळत नव्हतं, कारण जोडीतला दुसरा टायर त्याला उचलून धरतो. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून कुणी मोजतही नाही. ड्रायव्हर लोक टायरवर लोखंडी पाना ठोकून आवाज ऐकतात. ते अगदी फुसका टायर ओळखायला ठीक, पण ७५ आणि ५० मधला फरक त्या आवाजात कळत नाही. गेज घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतं.

आता हिशेब बघा. मागचे ३८९० किलो चार टायरवर, म्हणजे एकेकावर सुमारे ९७२. आतला बसला की बाहेरच्यावर जवळजवळ १९४५. आम्ही नंतर जे टायर घेतले त्यांच्यावर १२२/११८ असा लोड इंडेक्स आहे. त्याचा अर्थ, एकटा टायर असेल तर १५०० किलो, जोडीत असेल तर १३२०. तोही पूर्ण हवेला. म्हणजे नवा टायरसुद्धा या वजनाला पुरला नसता, आणि आमचा तेरा वर्षांचा! आणि ज्याच्यात हवा कमी तो तर वेगळ्याच कारणाने मरत असतो. त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यातली ऊर्जा उष्णता होते, रबर ती बाहेर सोडत नाही, आणि आतले थर सुटायला लागतात.

मिस्त्रीकाकांनी तो टायर रिमवरून काढला, ट्यूब ओढली आणि टायर जमिनीवर आपटला. आतून काळी भुकटी पडली. ओंजळभर. भिंतीच्या आतल्या बाजूला गोल चरा पडला होता आणि तिथलं रबर घासून घासून पीठ झालं होतं. बाहेरून नक्षी नव्यासारखी.

मामा बराच वेळ त्या भुकटीकडे बघत बसले. मागच्या वर्षी परत येताना त्या चाकाच्या वरच्या फळीवर आजी झोपली होती. ते कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "तंबू पुढच्या साली पाहू."

इथे रिमोल्डबद्दल एक सांगते, कारण मामांनी तेही विचारलं. रिमोल्ड वाईट नसतो. चांगल्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवली की तो मागच्या चाकांना नीट चालतो, मोठमोठे बसवाले वापरतात. पण सांगाडाच तेरा वर्षांचा असेल तर ते म्हाताऱ्याला नवा सदरा घालण्यासारखं आहे. आणि पुढच्या चाकांना रिमोल्ड नाहीच. हे मिस्त्रीकाकांचं मत, आणि माझंही.

टायर ठरले. आता शॉकअप. मामांचा विचार, आणि हा मी बऱ्याच ठिकाणी ऐकलाय, की "टायर यंदा टाकू, शॉकप पुढच्या साली." माझा सगळा लेख खरं तर या एका वाक्यासाठी आहे.

आधी एक गैरसमज. गाडी मागे बसली, खाली आली, की लोक शॉकअप बदलतात. शॉकअप वजन उचलत नाही! वजन कमानपाटे उचलतात. शॉकअपचं काम फक्त हेलकावा मारायचं. आत एक पिस्टन, त्याला बारीक झडपा, भोवती तेल. तेल त्या झडपांतून जोर लावून ढकललं जातं, गरम होतं, आणि उडीची ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. गाडी वर उठताना त्याचा विरोध जास्त असतो आणि दबताना कमी.

आपल्या वर्गातलं समीकरण आठवा. डॅम्पिंग रेशो म्हणजे सी भागिले (२ गुणिले √(के × एम)). हिशेबाला सोपे आकडे घेऊ. एका बाजूला वजन १००० किलो, कमानपाट्याची स्टिफनेस १ लाख न्यूटन प्रति मीटर. खालचा छेद येतो २०,०००. शॉकअपचा सी ५००० असेल तर रेशो ०.२५. खड्ड्यातून ५ सेंटिमीटरची उडी बसली तर एका हेलकाव्यानंतर १ सेंटिमीटर उरते, दुसऱ्यानंतर २ मिलिमीटर. संपलं. आता शॉकअप खलास होऊन सी १५०० वर आला असं धरा. रेशो ०.०७५. ५ चे ३.१, मग १.९, मग १.२... गाडी नाचतच राहते, तोवर पुढचा खड्डा येतो. आणि वजन? एम छेदात आहे. १००० चे १६०० किलो केले की चांगल्या शॉकअपचाही रेशो ०.२५ वरून ०.२० वर येतो. म्हणजे टाकी रिकामी केल्याने शॉकअपलाही मदत झाली. हा शोध मला काट्यावरून परत येताना लागला, आणि मी एकटीच हसले.

पण टायरच्या दृष्टीने खरा धोका दुसऱ्या हेलकाव्यात आहे. एक्सल आणि चाकं मिळून एक वेगळं वजन आहे. वर कमानपाटा, खाली हवा भरलेला टायर, दोन्ही स्प्रिंगच. त्यांच्यामध्ये हे धूड सेकंदाला साधारण दहा वेळा उडू शकतं. शॉकअप मेला की ते उडायला लागतं. चाक क्षणभर रस्त्यावर हलकं, क्षणभर जड. जड होतं तिथे रबर जास्त घासतं, आणि टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडतात. जुन्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. गुळगुळीत लागला तर ठीक. लाटा लागल्या तर शॉकअपवर संशय घ्या, चाकाचं बॅलन्सिंगही बघा. आमच्या मागच्या चारही टायरना लाटा होत्या. बोथ्यात ब्रेक मारल्यावर जो थयथयाट व्हायचा तो हाच. उडत्या चाकाला ब्रेक कसा लागणार?

म्हणून लाखभर रुपयांचे टायर मेलेल्या शॉकअपवर टाकले तर काही हजार किलोमीटरमध्ये त्यांनाही लाटा पडतात. चार शॉकअप मिळून आम्हाला एका टायरच्या किमतीतही पडले नाहीत. मामांना हा हिशेब समीकरणाच्या आधी कळला.

शॉकअप मेलाय हे ओळखायचं कसं? कारच्या पुस्तकात लिहितात, कोपरा दाबा आणि सोडा, किती वेळा हलते ते मोजा. कमानपाट्याच्या गाडीवर हा प्रयोग फसवतो. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणामुळेच गाडी लगेच थांबते, आणि आपल्याला वाटतं शॉकअप उत्तम! मीही आधी फसले. मिस्त्रीकाका म्हणाले, "ताई, खोलून बघा." बाहेरून तेल गळून धूळ चिकटलेली होती, ते एक लक्षण. खालचा रबरी बुश फाटलेला, ते दुसरं. काढून हातात उभा धरला आणि ओढला-दाबला, तर निम्म्या प्रवासात हाताला काहीच लागलं नाही, सायकलचा फुटका पंप जसा. पुढचे दोन त्यामानाने बरे होते, पण एका एक्सलवर दोन्ही बरोबरच बदलायचे असतात आणि वय सगळ्यांचं सारखंच, म्हणून चारही बदलले.

बसवताना तीन गोष्टी मी शिकले. नवा शॉकअप आडवा पडलेला असतो, त्याच्या तेलात हवा जाते, म्हणून बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढायचा-दाबायचा. रबरी बुशचे बोल्ट आधी सैल ठेवायचे आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर शेवटचं कसायचं, नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. तिसरी गोष्ट जिवाची. गाडी जॅकवर आहे तोवर खाली जायचं नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. खाली स्टँड, उरलेल्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि जमीन सपाट व पक्की. मेमध्ये डांबरसुद्धा मऊ होतं, जॅकखाली फळी घाला.

जुने टायर नायलॉनचे होते, नवे आम्ही रेडियल घेतले. एका एक्सलवर एक नायलॉन एक रेडियल असं कधीच करायचं नाही, दोघांचं वाकणं वेगळं असतं. आम्ही सातही एकदम बदलले, ट्यूब आणि फ्लॅपसकट, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. नट गोलाने न कसता समोरासमोरचे कसले, आणि शेगावला जाऊन परत आल्यावर पुन्हा कसले. निम्मे अर्धा-अर्धा फेरा फिरले! नवी चाकं बसवून पन्नास-शंभर किलोमीटरनंतर हे केलंच पाहिजे. पुढचं अलाइनमेंट केलं.

आणि हवा. ती सकाळी, गाडी हलण्याआधी मोजायची. टायर कंपनीच्या तक्त्यावरून वजन बघून आम्ही ८० पीएसआय ठरवली. सकाळी २५ अंशाला ८० असेल तर टायर ६५ अंशाला तापल्यावर गेजवर ९२-९३ दिसते. गॅसचा साधा नियम आहे, केल्विनमध्ये करून बघा. ड्रायव्हर ढाब्यावर ते बघून घाबरतात आणि हवा सोडतात. मग रात्री टायर गार झाला की हवा ८० च्या बरीच खाली, आणि पुन्हा तीच कहाणी, वाकणं, तापणं, भुकटी. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही, हे गाडीत डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय.

जुन्या टायरांचं काय केलं? दोन डनलॉप बैलगाडीला गेले, बैलाच्या चालीला ते अजून पाच वर्षं पुरतील. भुकटीवाला टायर मात्र मी मिस्त्रीकाकांकडून करवतीने कापून घेतला, नाहीतर तो फिरून कुणाच्या तरी गाडीला लागला असता. त्याचा एक तुकडा आता आपल्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये आहे, हात लावून बघा.

आषाढी ६ जुलैला होती. दिंडी जुन्याच तंबूत गेली, त्याला मामींनी ठिगळं लावली होती. जूनच्या पावसात तो दोनदा गळला आणि सगळ्यांनी मामांना बोल लावले. परत आल्यावर मामांनी मला एक छोटी वही दाखवली. रोज सकाळचे सहा आकडे, त्यांच्या वळणदार अक्षरात. मुक्कामाचं गाव, पुढचा डावा, पुढचा उजवा, असं करत. सगळ्यात शेवटी, लाल पेनने वेगळं : डावा आतला, ८०. डावा आतला, ७९. डावा आतला, ८०.